मागच्या खोलीची पुजलेली चौकट

गंगापूर रोड, नाशिक.
मागच्या बोळाचं दार. (घर तेच आहे. पण माझं पत्र पुढच्या दारात टाकू नको असं पोस्टमनला सांगून ठेवलंय. कारण खाली येईल.)

ती. गं. भा. वन्संच्या पायांशी तुमच्या भावजयीचा, म्हणजे कौतिकाचा, वाकून नमस्कार. गुडघा परवानगी देतो तेवढंच वाकले आहे, उरलेलं तुम्ही समजून घ्या. ('गं. भा.' लिहू नकोस, हल्ली असलं कोणी लिहीत नाही, असं नात म्हणते, यशश्री. तिला म्हटलं, पोरी, लिहिलं नाही म्हणून आमचे दोघींचे नवरे परत येणार आहेत का, आणि आलेच तर त्यांना ठेवायचं कुठे, घरात जागा नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? काठी घेतलीत की अजून देवरामच्या खांद्यावरच भार? देवरामचा कांदा चाळीत टिकला का, की यंदाही खालून सडला? सूनबाईंना आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे सध्या दवाखान्यात कोणी नाही. फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की ते इकडे सगळ्यांना ऐकू येतं. या पत्रातलं बरंचसं सगळ्यांनी ऐकण्यासारखं नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लावून घ्या. देवरामला वाचायला देऊ नका, तो मोठ्याने वाचतो.

तर वन्सं, आनंदाची बातमी अशी की आपली मागची खोली नवीकोरी होऊन उभी आहे. तुमच्या भाच्याने, रंगनाथने, ती स्वतःच्या हातांनी बांधली. गवंडी नाही, कंत्राटदार नाही. मला इतका आनंद झाला आहे की कोणाला सांगू असं झालंय, आणि सांगायला इथे कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

जुनी पडवी तुम्हाला आठवत असेलच, दिवाळीला आलात की तिथेच झोपायचात. तुमचे बंधू सातपूरच्या कारखान्यात फिटर होते, आणि ज्याला नटबोल्ट आवळता येतो त्याला घरही बांधता येतं असा त्यांचा समज होता. रविवार-रविवार करून बांधली. पत्र्यांचा उतार बोळाकडे दिला तर पाणी शेजाऱ्याच्या दारात जाईल, भांडण होईल, म्हणून त्यांनी तो आपल्याच घराकडे दिला. शेजाऱ्याशी भांडण टळलं, माझं त्यांच्याशी जन्मभर पुरलं. पावसाळाभर मी घरातली पातेली तिथे मांडून ठेवायची, आणि आमटीला पातेलं हवं असलं की आधी त्यातलं पाणी ओतून यायची. तुम्ही एकदा ओल्या गोधडीत जाग्या झालात आणि तरी म्हणालात, माझ्या भावाने बांधली आहे, बघ कशी गार आहे. (तेव्हा मी काही बोलले नाही. आता बोलते. गार नव्हती वन्सं, ओली होती.)

पण होती ती माझी. माझी खाट, माझा देव्हारा, माझा पाटा-वरवंटा, आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकघरात उघडणारं दार. त्या दारातून कशाला फोडणी पडली ते कळायचं, कोण कोणावर रुसलंय ते कळायचं, दूध उतू जायच्या आधी मला खाटेवर ऐकू यायचं. सून, संपदा, ऑफिसला जाताना कितीही हळू बोलली तरी आज भाजीवर झाकण ठेवायला विसरली आहे हे मी इथून सांगायची. (तिला ते आवडायचं नाही. झाकण मात्र ठेवायची.)

रंगनाथने बँकेतून लवकर निवृत्ती घेतली हे तुम्हाला कळवलं होतं. आम्हाला वाटलं माणूस आराम करील. त्याने आराम केला नाही, मोबाइल पाहिला. त्यात एक गोरा दाढीवाला आहे, तो आणि त्याची बायको दोघंच मिळून घर बांधतात. सकाळी खड्डा असतो आणि चहा पिऊन होईपर्यंत खिडकीला पडदे लागलेले असतात. रंगनाथ म्हणाला, यात अवघड काय आहे, गवंडी लागतोच कुठे. मीही चष्मा लावून बारकाईने पाहिलं. गवंडी नव्हता, खरं आहे. पण त्या दाढीवाल्याची आईही कुठे नव्हती. खोली पाडायच्या आधी तिला उचलून कुठे ठेवली ते त्याने दाखवलंच नाही. मला टीव्हीसमोरच्या दिवाणावर ठेवली. देव जिन्याखाली गेले, पाटा-वरवंटा गच्चीवर गेला, आणि मी दिवाणावर. मालिका संपेपर्यंत आडवं व्हायचं नाही, आणि बेल वाजली की अंथरूण गुंडाळून पाहुण्यासारखं बसायचं. पाहुणे आले की मलाच विचारायचे, तुम्ही कधी आलात?

सुरुवातीला रंगनाथ सगळ्यांना 'आईची खोली करतोय' असं सांगायचा. छाती फुगून यायची माझी. मग दिवस गेले तसं ते 'मागची खोली' झालं, आणि एकदा त्याचा बँकेतला मित्र आला तेव्हा मी कानांनी ऐकलं, 'मल्टिपर्पज रूम'. यशश्रीला अर्थ विचारला. ती म्हणाली, आजी, म्हणजे सगळ्यांची. वन्सं, जी जागा सगळ्यांची असते तिथे शेवटी मोडकी सायकल आणि जुने पेपर राहतात, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. मी रंगनाथला सरळ विचारलं, माझी खाट कुठे येणार? तर म्हणे, आई, आधी खोली तर होऊ दे.

मग सुरू झाली पाडापाडी. तुमच्या बंधूंची एक गोष्ट मान्य करायला हवी, बांधताना त्यांना जे जमलं नाही ते पाडताना दिसलं. भिंत पडेचना. त्यांनी विटा कमी पडल्या की हाताला येईल ते भिंतीत घातलं होतं. फुटक्या फरशा निघाल्या, कारखान्यातलं लोखंड निघालं, एक अख्खी बाटली निघाली (कसली ते सांगत नाही, तुमचे बंधू आहेत), आणि दाराच्या चौकटीखालून, पाचर म्हणून ठोकलेली, माझी डाव्या पायाची चप्पल निघाली. ती चप्पल मी वर्षानुवर्षं शोधली होती. रोज त्यांना विचारायची आणि ते पेपरमधून मान न काढता म्हणायचे, कुत्र्याने नेली असेल. त्या गरीब कुत्र्याला मी किती वेळा हाकललं. आता चप्पल धुऊन ठेवली आहे. घालता येत नाही, फेकवत नाही, आणि जाब विचारायला माणूस नाही.

भिंत पडली तशी रंगनाथने पाया खणायला घेतला आणि पहिल्याच दिवशी पाण्याचा पाइप फोडला. आपल्या घराचा असता तर गोष्ट वेगळी, तो निघाला सगळ्या लाइनीचा. कॉलनीतल्या बायका कळश्या घेऊन दारात उभ्या, आणि तुमचा भाचा खड्ड्यात गुडघाभर पाण्यात उभा राहून मोबाइलवर तोच दाढीवाला पाहतोय, की पाइप फुटला तर तो काय करतो. दाढीवाल्याचा पाइप कधी फुटलाच नव्हता. शेवटी प्लंबर आला. (प्लंबरला गवंडी म्हणत नाहीत, म्हणून तो आला तरी 'स्वतःच्या हातांनी' हे खरंच राहतं, असा आमच्याकडे निकाल लागला.)

भिंतीचं तर विचारूच नका. ओळंबा लावायचा सोडून रंगनाथने मोबाइल लावला. म्हणे यात असं काही असतं, भिंतीला टेकवला की सरळ आहे की वाकडी ते सांगतो. आता त्याच्या मोबाइलच्या कव्हरला मागे ती बोट अडकवायची अंगठी आहे. अंगठीसकट टेकवला की मोबाइल तिरका, आणि मोबाइल सरळ दाखवेपर्यंत भिंत तिरकी. थरावर थर असे चढवत गेला. मी दिवाणावरून उठून सांगायला गेले की बाबा, भिंतीला पोट आलंय. तर त्याने मला मोबाइल दाखवला. त्यावर हिरवी रेघ अगदी सरळ होती. मी म्हटलं, बरं बाबा, मग माझ्याच डोळ्याला पोट आलं असेल. यशश्रीने कव्हर काढून पाहिलं तोवर भिंत छातीइतकी झाली होती. पाडायची लाज वाटली, तेव्हा तिला बाहेरून जास्तीचं प्लास्टर करून पोट झाकलं आहे. आता ती अंगभर पदर घेतलेल्या बाईसारखी दिसते.

यात एक गोष्ट तुम्ही नीट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. काम सुरू झालं तेव्हा सगळी धूळ स्वयंपाकघरात यायची आणि संपदा चिडायची. म्हणून रंगनाथने स्वयंपाकघरातून मागे जायचं जे दार होतं, ती जागा विटा लावून बंद केली. तात्पुरती. काम झालं की ती फोडून तिथे नवी चौकट बसवायची, असं ठरलेलं. ही त्याच्या हातची पहिली भिंत, त्यामुळे हौस दांडगी, सिमेंटही भरपूर. (तेव्हा अंगठीचं कव्हर नव्हतं, ते नंतर घेतलं. म्हणून घरात तेवढी एकच भिंत सरळ आहे.) आणि मला काम लागलं. आई, सगळ्या भिंतींना रोज पाणी मार, म्हणाला, सकाळ-संध्याकाळ, नाहीतर सिमेंट धरत नाही. वन्सं, किती दिवसांनी या घरात मला कोणी काम सांगितलं. स्वयंपाक संपदाला तिच्या पद्धतीचा लागतो, कपडे मशीन धुतं, यशश्रीच्या वेण्या गेल्या आणि केस कापलेले आले. मला भिंती मिळाल्या. पदर खोचून, नळी घेऊन, मी सगळ्या भिंतींना पाणी मारलं. त्या तात्पुरतीलाही मारलं. ती सोड असं कोणी म्हणालं नाही. तुळस वाळली पण भिंत वाळू दिली नाही. अशी पक्की झाली की कॅलेंडरला खिळा ठोकायला गेले तर खिळाच नमस्कार करून वाकला.

आता चौकटीचं. चौकट जमील मिस्त्रीने केली, सागवानी, सुंदर. ती आणली आखाजीच्या दिवशी सकाळी (संपदा अक्षय्य तृतीया म्हणते). घरात मी एकटी. रंगनाथ पत्र्यांचं बघायला गेलेला, संपदा आणि यशश्री संपदाच्या माहेरी. मिस्त्रीने रंगनाथला फोन लावला की कुठे ठेवू. तो म्हणाला, मागे बोळाकडे मोकळी जागा आहे तिथे उभी करून ठेवा, आडवी टाकली तर वाकेल. बोळाकडच्या भिंतीत वाळू-विटा आत आणायला वाट ठेवली होती, माणूस जाईल एवढी, तिथे. एका बाजूने मिस्त्रीने धरली, दुसऱ्या बाजूने मी खांदा दिला, आणि चौकट त्या वाटेत अशी घट्ट जाऊन बसली की जणू मापानेच केली होती. मिस्त्री खाली दोन विटा लावून गेला.

मी बघत राहिले. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, नवी सागवानी चौकट उभी राहिलेली, आणि घरात तिची पूजा करायचं कोणाच्या मनातही नाही. त्या दाढीवाल्याने पूजा केली नव्हती ना. आपल्याकडे चौकट उभी राहिली की आधी हळदकुंकू, मग पुढचं काम, हे मी तुम्हाला काय सांगावं, तुमच्या घराच्या चौकटीला मीच वाकून लावलं होतं, तेव्हा मला लावता येत होतं. आता आपला हात चालत नाही म्हणे. (उचलायला खांदा चालला, त्याला सोवळं-ओवळं नाही.) म्हणून शेजारच्या मंजुषाला हाक मारली, सवाष्ण आहे, तिने आणखी बायका आणल्या. हळदकुंकवाची बोटं ओढली, आंब्याचा डहाळा बांधला, हिरव्या बांगड्या, खण, नारळ सगळं झालं. आखाजीचं पुरण होतंच, रस होता. बायकांनी त्या अर्ध्या भिंतींच्या खोलीत विटांवर बसून पोटभर जेवण केलं आणि मला विचारलं, मावशी, तुमची खोली का ही? मी म्हटलं, हो. वन्सं, कितीतरी दिवसांनी मी कोणाच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिलं.

रंगनाथ आला, ओलं कुंकू पाहिलं आणि मटकन खाली बसला. "आई, ती खिडकीची जागा आहे."

मी म्हटलं, मला काय ठाऊक, मला कोण काय सांगतं. तो म्हणाला, उद्या काढतो, स्वयंपाकघराकडे बसवतो. तेवढ्यात माहेरून संपदा आली. आता संपदाचं तुम्हाला माहीत आहे, एम.कॉम. आहे पण फ्रिजचं तोंड कुठे करायचं तेही मोबाइलवरच्या वास्तूवाल्या बाईंना विचारते. ती दारातच किंचाळली की पुजलेली चौकट हलवायची नाही. तिच्या काकांनी हलवली होती, महिन्यात पाय मोडला. (ते काका स्कूटरवरून पडले होते, मी तेव्हा भेटायला गेले होते.) मग म्हटलं, आहे तिथे राहू दे, स्वयंपाकघराकडे दुसरं दार करा. तर त्या बाईंनी सांगितलं की एका खोलीला घराकडून एक आणि बोळाकडून एक अशी दारं असली तर लक्ष्मी एकातून येते आणि दुसऱ्यातून जाते. मी विचारलं, आणि सासू? त्याबद्दल बाईंचं काही म्हणणं नव्हतं. मी हे मुद्दाम केलं असं संपदाला अजून वाटतं. मुद्दाम केलं असतं तर चौकट स्वयंपाकघराकडे नेऊन पुजली नसती का मी?

झालं. दार बोळाकडे राहिलं आणि स्वयंपाकघराकडची तात्पुरती भिंत कायमची झाली. मग पत्रे आले. उतार बोळाकडे दिला तर पाणी दारात, पुजलेल्या चौकटीवर पडणार, ते चालेना. तेव्हा रंगनाथने पुष्कळ विचार केला, कागदावर रेघा मारल्या, दाढीवाल्याला पाहिलं, आणि उतार घराकडे दिला. वन्सं, तुमच्या बंधूंचा फोटो भिंतीवर होता, मी तो पुसून त्याच्यासमोर उदबत्ती लावली. म्हटलं, घ्या, वंश चालू आहे. पहिल्या पावसाला पातेली बाहेर आली. या वेळी स्टीलची आहेत एवढाच फरक.

तर मी आता नव्या खोलीत राहते आणि फार आनंदात आहे. खाट आली, देव आले, पाटा-वरवंटा आला, चप्पल देवाच्या फळीखाली ठेवली आहे. चहा प्यायचा असला की दाराला कडी लावून बोळात यायचं, बोळातून वळसा घेऊन मंजुषाच्या कुंपणाला लागून पुढे यायचं, फाटक उघडायचं आणि स्वतःच्या घराची बेल वाजवायची. पाऊस असला तर छत्री घेऊन. बेलला कॅमेरा आहे, त्यामुळे मी उभी राहिले की संपदाच्या मोबाइलवर दिसते. ती ऑफिसात असते तरी तिला कळतं की सासू चहाला आली. एकदा बेलमधूनच बोलली, कोण आहे म्हणून. मी म्हटलं, मी आहे. तर म्हणाली, जरा मागे सरका, चेहरा दिसत नाही. आता रंगनाथ सकाळी थर्मासमध्ये चहा आणून देतो, म्हणतो, आई, तुला कशाला तेवढं चालायचं. चांगला मुलगा आहे. जेवणाचा डबा येतो. मी आपली माझ्या घराच्या मागे राहून घरचा डबा खाते.

फोडणी कशाची पडली ते आता कळत नाही. परवा दूध उतू गेलं ते मला दुसऱ्या दिवशी यशश्रीकडून समजलं. ती पोरगी चांगली आहे हो, अभ्यासाला ओट्याशी बसली की मधूनच भिंतीवर टकटक करते, आणि मी इकडून वरवंट्याने दोन ठोके देते. म्हणजे आहे अजून.

असो. तब्येतीला जपा, औषधाची गोळी अर्धी करून खाऊ नका, लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, आणि माझ्याबद्दल कोणी विचारलं तर नव्या खोलीत मजेत आहे, स्वतंत्र दार आहे, असं सांगा. ते खोटंही नाही.

आपली,
कौतिका

ता. क. : एक सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे हात पुढे जात नव्हता. स्वतंत्र दार आहे म्हटल्यावर संपदाच्या ऑफिसातली एक बाई म्हणाली की गंगापूर रोडला एवढी कॉलेजं, मुलींना खोल्या मिळत नाहीत, बोळातून वेगळं दार आहे तर देऊन टाका. काल हरसूलची एक मुलगी खोली बघायला आली, बापाबरोबर. साधी माणसं. मी त्यांना चिवडा दिला. संपदा दाखवत होती, हे वेगळं दार, हे नवं प्लास्टर. मुलगी माझ्या खाटेवर टेकली, देवाकडे पाहिलं, चपलेकडे पाहिलं, आणि मलाच विचारलं, "आज्जी, मी आले तर मग तुमी कुठं राहणार?"

मी तोंड उघडायच्या आत संपदाने सांगितलं की आजी काय, आमच्याकडेच असतात, हॉलमध्ये. रंगनाथ तेव्हा मोबाइलवर लेव्हल बघत होता.

आणखी ता. क. : म्हणून लिहिते की तुम्ही या. पुढच्या आठवड्यात संपदाच्या भावाच्या मुलाचं बारसं आहे, पुण्याला. ती आत्या, तिला जावंच लागणार, रंगनाथ आणि यशश्रीही दोन दिवसांसाठी जातील. घरात मी एकटी, म्हणजे घराच्या मागे. तुम्ही रंगनाथची आत्या. त्याच्या कानात कुर्र करून नाव तुम्हीच ठेवलं होतं, त्यानंतर त्याने कोणाचं म्हणून ऐकलं नाही, पण आत्याला तो बोलणार नाही. माहेरवाशीण आली म्हटल्यावर आठ-पंधरा दिवस तिची खाट कोणी हलवत नाही, तेवढ्यात ती मुलगी दुसरीकडे जाईल. येताना जास्त काही आणू नका. कांदे नकोत. देवरामच्या विहिरीवर ती जुनी पहार आहे ना, तेवढी आणा. एसटीत कंडक्टर काही म्हणाला तर काठीसारखी टेकत या, तुमचा गुडघा बघून कोणीही ती काठीच समजेल.

शेवटचं : बोळाकडची चौकट हलवायची नाही, मला मान्य आहे, पुजलेली आहे. स्वयंपाकघराकडची भिंत कोणी पुजलेली नाही, मी मंजुषाला विचारून खात्री करून घेतली. मीच पाणी मारून पक्की केली आहे, तेव्हा वेळ लागेल, पण दोन दिवस आहेत. एकदा ती फुटली की वेगळं दार नाही, भाडेकरू नाही, आणि लक्ष्मीला कुठून जायचं ते तिचं ती बघेल. पुजायला सवाष्ण लागते वन्सं. फोडायला आपण दोघी चालतो.